अश्वशक्तीचा हिशेब

मुंबईहून पुण्याकडे जाणारी आगगाडी कर्जत स्थानकात थांबते ती प्रवाशांना बटाटेवडे खाता यावेत म्हणून, अशी समजूत बाळगणारे सज्जन आजही पुष्कळ आढळतात. परंतु खरे कारण असे की, तेथून पुढे दर सदतीस फुटांना एक फूट चढणारा बोरघाट लागतो आणि गाडीला मागून रेटण्यासाठी ‘बँकर’ इंजिने जोडावी लागतात. ती किती जोडावयाची, हे गाडीच्या नावलौकिकावरून किंवा स्टेशनमास्तरांच्या उत्साहावरून ठरत नाही. गाडीचे एकूण वजन आणि चढाचे मान यांवरून ठरते. याच कर्जतमध्ये आणि शेजारच्या खालापुरात लहान बोटीच्या मागे लावावयाच्या यंत्राचा, म्हणजे सरकारी दप्तरात ज्याला ‘ओबीएम’ म्हणतात त्या आउटबोर्ड मोटारीचा, विषय निघाला की मात्र वजनाची आणि चढाची चौकशी कोणी करीत नाही. ‘किती एचपीची घ्यावी?’ हा पहिला प्रश्न, आणि त्याचे उत्तर बहुधा प्रश्नकर्त्याने घरूनच आणलेले असते.

माझी उमेदीची वर्षे एका बंदरावरील कारखान्यात अशा मोटारी उघडण्यात आणि जोडण्यात गेली. पुढे घाटाच्या पायथ्याशी बिऱ्हाड केल्यावर आसपासच्या ग्रामपंचायती, हौशी मासेमार आणि पावसाळ्यात बचावकार्याला धावणारी तरुण मंडळी यांचे सल्ल्यासाठी येणे-जाणे सुरू झाले. समुद्र नसलेल्या तालुक्यांना बोटींची विद्या कशाला हवी, असा प्रश्न अलिबागकडच्या माझ्या मित्रांना पडतो. त्यांच्याकडे समुद्र एकच असतो. आमच्याकडे पाणी तीन तऱ्हांचे आहे, आणि मोटारीचा सारा हिशेब या तऱ्हांवर अवलंबून आहे.

पहिले पाणी धरणाचे. खालापूर तालुक्यात धावरी नदीवरील मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवते. ८८ मीटरच्या पातळीला ते पूर्ण भरते, आणि भरल्यावर त्याचा विस्तार डोळ्यांत मावत नाही, पण ते पाणी स्थिर असते. दुसरे पाणी विजेने वाहवलेले. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली उतरून खोपोलीची चक्रे फिरवते आणि मग पाताळगंगेला मिळते, तर ठोकरवाडी तलावाचे पाणी भिवपुरीची चक्रे फिरवून पेज नदीत उतरते व तिच्यामार्फत उल्हासला पोचते. चैत्र-वैशाखात कोकणातल्या लहान नद्यांचे पात्र जेव्हा गोट्यांचे मैदान होते, तेव्हाही या नद्या वाहत्या असतात. मात्र त्यांचा जोर मुंबईच्या विजेच्या मागणीबरोबर चढतो आणि उतरतो, म्हणून सकाळी जेथे मोटारीचा पंखा मोकळा फिरला तेथे दुपारी तो खडकावर आपटावा, यात नवल नाही. तिसरे पाणी पुराचे. राजमाचीच्या डोंगरांतून निघालेली उल्हास मुसळधार पावसात काही तासांत पात्र सोडते, आणि २६ जुलै २००५ च्या महापुराचा दिवस या खोऱ्यातील कोणाला सांगावा लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस याच नदीच्या पाण्याने वेढली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटींसह अनेक पथकांनी सुमारे १०५० प्रवाशांना बाहेर काढले. आमच्या भागात ‘आपल्याकडेही एक बोट हवी’ ही भाषा खऱ्या अर्थाने तेव्हापासून सुरू झाली, आणि तिच्याबरोबर अश्वशक्तीचा लोभही.

या लोभाचा इतिहास जुना नाही. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकी शहरी स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली बाजारात आणलेली मोटार अवघ्या दीड अश्वशक्तीची होती, आणि वल्ही मारून दमलेल्या लोकांना ती पुरेशी वाटली. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरील मासेमारांनी सात-आठ अश्वशक्तीपासून आरंभ केला. परंतु मासळीच्या थव्यावर कोण आधी पोचतो या चढाओढीत मोटारी पंचवीसच्या आणि चाळीसच्या झाल्या, एकेका होडीवर एकाहून अधिक लागल्या, आणि केरोसीनचा खर्च मासळीच्या उत्पन्नाला पोखरू लागला. शेजाऱ्याहून मोठी घ्यावी या एकाच नियमाने खरेदी चालली म्हणजे शेवट कोठे होतो, ते तेथे दिसते.

आता बोटीच्या देहाचा विचार करू. पाणी कापत जाणारी कोणतीही बोट आपल्या नाळेपाशी एक लाट उठवते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते. लाटेची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की बोट आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. मग मोटारीचा कान कितीही पिळा, नाळ वर उचलली जाते, मागची बाजू बसते, पेट्रोल धो-धो जळते आणि वेग जवळजवळ तेथल्या तेथे राहतो. विल्यम फ्रूड या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात बोटींच्या लहान प्रतिकृती पाण्यात ओढून या व्यवहाराचे गणित बसवले. त्यातून निघालेला व्यवहारी आडाखा असा की, पाण्यातल्या लांबीच्या फुटांचे वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले म्हणजे त्या बोटीचा स्वाभाविक वेग सागरी मैलांत येतो. सोळा फुटी बोटीला तो ताशी सुमारे साडेपाच सागरी मैल, म्हणजे दहा किलोमीटर. या वेगाला शक्ती किती लागते म्हणाल, तर दर सव्वादोनशे किलो वजनामागे एक अश्वशक्ती. चार माणसे, सामान आणि बोट मिळून सातशे किलो झाले तर तीन-साडेतीन. समोरचा वारा आणि यंत्राची जीर्णता यांची तजवीज म्हणून दुप्पट धरली, तरी धरणाच्या स्थिर पाण्यावर पाहणी करणाऱ्या बोटीला आठाच्या वर काही लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात तर मी त्याहून पुढे जाऊन विजेरीवर चालणारी मोटार सुचवतो. जुन्या दोन-फटक्यांच्या यंत्रातून इंधनाचा बराच मोठा अंश न जळताच पाण्यात जातो, आणि ते पाणी शेवटी कोणाच्या तरी माठात भरले जाते.

पुराचे गणित वेगळे. प्रवाह सेकंदाला तीन मीटर वाहू लागला की त्याचा वेग ताशी अकरा किलोमीटरच्या घरात जातो. म्हणजे दहा किलोमीटरच्या स्वाभाविक वेगाला बांधलेली बोट पूर्ण जोर लावूनही काठावरच्या माणसाला मागे सरकताना दिसेल. येथे बोटीने पाणी कापून भागत नाही. तिने पाण्याच्या अंगावर चढून त्याच्या पृष्ठावरून धावले पाहिजे. त्यासाठी सपाट बुडाची हलकी बोट हवी, हवेने फुगवलेली रबरी बोट उत्तम, आणि दर अश्वशक्तीमागे वजन वीस-बावीस किलोंच्या आत हवे. तालुका कचेरीत जमाखर्चाच्या कागदांवर नेमका येथेच घोटाळा होतो. दहा जणांची रबरी बोट घ्या. बोट १३० किलो, पंचवीसची मोटार ५०, इंधनाची टाकी २०, दोन जवान साधनांसह १४०, एकूण ३४०. पंचवीसने भागले तर चौदाच्या आत, म्हणून जाताना बोट बाणासारखी धावते आणि जमलेले लोक टाळ्या वाजवतात. पलीकडच्या वाडीवर आठ माणसे चढली की वजन ८६० वर जाते, प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला चौतीस किलो येतात, आणि जी बोट येताना पाण्यावरून आली ती परतताना पाण्यात बसून, प्रवाहाच्या स्वाधीन होऊन निघते. चाळीसची मोटार लावली तर भार बाविसावर येतो आणि बोट कशीबशी उठते. मोटारीची निवड परतीच्या फेरीवरून करावी, जाण्याच्या फेरीवरून नव्हे, हा माझा आग्रह आहे. प्रात्यक्षिके मात्र जवळजवळ नेहमी रिकाम्या बोटीची होतात.

यावर सरळ उत्तर ‘मग चाळीसच घ्या’ असे येते, आणि ते मला सर्वत्र मान्य नाही. बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, किती शक्ती सोसेल याला मर्यादा असते. अमेरिकेच्या तटरक्षक खात्याचा नियम या बाबतीत उद्बोधक आहे: लांबीला ट्रान्समच्या रुंदीने गुणावे आणि त्या गुणाकारावरून कमाल शक्ती काढावी. चौदा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद ट्रान्समच्या बोटीचा गुणाकार ६३ येतो. सुकाणूचे चक्र पुढे असून ट्रान्सम वीस इंच उंच असेल तर अशा बोटीला सूत्राने ३६ अश्वशक्ती येते. पण मोटारीची मूठ हातात धरूनच हाकावयाची असेल तर निमुळत्या बुडाला २५ आणि सपाट बुडाला अवघी साडेसोळा. बोट तीच, पाणीही तेच. फरक एवढाच की मुठीवर बसलेल्या माणसाचे वजन मागच्या टोकाला पडते आणि एका हिसक्यात तोल जाण्याचा संभव वाढतो. हा नियम फायबरच्या किंवा लाकडी बोटींचा. रबरी बोटीवर कारखानदाराने कमाल शक्तीची पट्टी लावलेली असते, ती खरेदीपूर्वी वाचावी, खरेदीनंतर वाचून उपयोग नाही. माणसांची मर्यादाही तशीच: वीस फुटांखालील बोटीची लांबी-रुंदी फुटांत गुणून पंधराने भागली की माणसांचा अंदाज येतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर निघालेल्या गावकऱ्यांची बोट उलटून अनेकांचे प्राण गेले, तेव्हा तिच्यात तिच्या कुवतीबाहेर माणसे होती. अशा भारापुढे अधिक शक्तीची मोटार निरुपयोगी, किंबहुना घातकच.

शक्ती ठरली तरी अर्धेच काम होते. मोटारीचा दांडा आखूड असेल तर पंधरा इंची, लांब असेल तर वीस इंची ट्रान्समला जुळतो. उंचीची ही जुळणी चुकली की पंखा पृष्ठभागावरची हवा ओढून नुसता गरगरतो, किंवा उलट फार खोल जाऊन पहिल्या खडकाला भेटतो. पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो तत्त्वतः किती इंच पुढे जाईल ते माप, भाराप्रमाणे बदलता येतो, आणि ही गोष्ट खरेदी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. जड बोटीला कमी पिचचा पंखा लावावा. एक इंच पिच उतरवला की यंत्राचे फेरे मिनिटाला दीडशे-दोनशेने वाढतात, आणि दम कोंडलेले यंत्र मोकळे होते. चाळीसची मोटार घेण्याऐवजी तिसासाठी दुसरा पंखा घेतला असता तर पुष्कळांचे काम भागले असते. दुसरा पंखा नदीत असाही हवाच, कारण उल्हासच्या पुरात झाडांच्या फांद्या, कुंपणाच्या तारा आणि खालच्या अंगाला जलपर्णी असते. ती पर्णी यंत्र थंड ठेवणारे पाणी आत घेण्याचे छिद्र बुजवते आणि यंत्र तापून बसते.

वजनाचा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चाळीसची मोटार सत्तरपासून नव्वद किलोंपर्यंत भरते, आणि आमच्या नद्यांना धक्के नाहीत, उतार नाहीत. टेम्पोतून उतरवून चिखलाच्या बांधावरून ती चार माणसांनीच वाहून न्यावयाची असते, तेही रात्री आणि पावसात. पंचवीसची दोघे नेऊ शकतात. म्हणून माझी शिफारस सामान्यतः अशी असते: चाळीसची एक मोठी बोट न घेता पंचवीसच्या दोन लहान घ्याव्या, प्रत्येकीत दोन जवान आणि तीन-चार सुटका झालेली माणसे यांपुढे जाऊ नये. चार माणसांनिशी भार सहाशे किलो होतो, प्रत्येक अश्वशक्तीला चोवीस. संथ प्रवाहात चालते, जोराच्या प्रवाहात एक माणूस कमी करावा लागतो. एक मोटार बंद पडली तरी दुसरी ओढून नेते, हा लाभ मी हिशेबात धरत नाही, पण लोकांना तो लगेच पटतो.

मागणीपत्रकात या सर्वांना रकाना नसतो. तेथे ‘अश्वशक्ती’ असा एक रकाना आणि ‘नग’ असा दुसरा असतो. मी जेथे शब्द टाकू शकतो तेथे चार जादा ओळी लिहावयास लावतो: भरलेल्या बोटीचे वजन, ट्रान्समची उंची, सुटे पंखे दोन निरनिराळ्या पिचचे, आणि दोरीने सुरू करण्याची सोय, कारण विजेची बॅटरी मार्चपासून जूनपर्यंत गोदामात पडून मेलेली असते. पेट्रोलचेही तसेच, इथेनॉल मिसळलेले इंधन ओलावा शोषून घेते आणि थरांत फाटते, म्हणून टाकी रिकामी ठेवावी आणि मेच्या अखेरीस मोटार पाण्याच्या पिंपात उभी करून पंधरा मिनिटे चालवून पाहावी. त्या पंधरा मिनिटांच्या पेट्रोलाची पावती कोणत्या खात्यावर घालावयाची, यावर गेल्या उन्हाळ्यात एका कचेरीत बराच पत्रव्यवहार झाला.