लाल दिवा

मे महिन्यात एका दुपारी जिन्याखालून कुजक्या अंड्यांचा वास यायला लागला. आईने आधी फ्रिज तपासला, मग मोरी, मग शेजारच्यांवर संशय घेतला. मी सरळ जाऊन इन्व्हर्टरचं बटण बंद केलं. बॅटरीला हात लावला तर ती तव्यासारखी तापलेली. चार्जर थांबायचं विसरला होता आणि आतलं ॲसिड उकळत होतं. "तुला कसं कळलं?" आईने विचारलं. तिने हे विचारावं याची गंमत वाटली. आमच्या घरात या वासाचं शिक्षण तिच्याच नवऱ्याने, म्हणजे आप्पांनी, दिलं होतं.

आप्पांची फियाट मी शाळेत असताना आली. अकराशे डिलाइट, तिसऱ्या हाताची, रंग कधीकाळी पांढरा असावा. सुताच्या व्यापारात हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ती परवडणारी नव्हती, पण त्यांचं एक ठाम म्हणणं होतं: ही आपल्या गावच्या माणसाची गाडी आहे. गाव म्हणजे सोलापूर आणि माणूस म्हणजे वालचंद हिराचंद.

डॅशबोर्डवर एक लहानसा लाल दिवा होता. किल्ली फिरवली की पेटायचा, गाडी चालू होऊन जरा रेस केली की विझायचा. माझी जागा पुढच्या सीटवर, आई आणि आप्पांच्या मधे. त्यामुळे तो दिवा बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचा. त्या वर्षी नवरात्राच्या सुमाराला तो विझेनासा झाला. दिवसा काही दिसायचं नाही. रात्री मात्र काचेमागे अगदी मंद, आत कुणी विडी ओढत बसल्यासारखा. मी सांगितलं. आप्पा म्हणाले, बाहेरच्या दिव्याची झाक असेल. आई म्हणाली, पोरगी म्हणतेय तर दाखवा की एकदा. दाखवायचं राहून गेलं.

कोजागिरीच्या रात्री आम्ही तुळजापूरहून परत निघालो होतो. सोलापूरकरांना या रस्त्याबद्दल वेगळं सांगायला नको. त्या रात्री सगळं सोलापूर पायी तुळजापूरला निघालेलं असतं, आणि आम्ही त्या लोंढ्याच्या उलट दिशेने, गाडीत. तामलवाडीच्या अलीकडे हेडलाइट पिवळे पडले. मग तांबूस. लाल दिवा आता मंद नव्हता, ठळक पेटला होता. आप्पांनी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि हेडलाइट बंद करून टाकले.

त्यांचा हिशेब बरोबर होता, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. डायनामो करंट देईनासा झाला की गाडी बॅटरीत साठलेल्यावर चालते. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला तीनचार अँपिअर पुरतात. दोन हेडलाइट त्याच्या दुप्पट ओढतात. दिवे बंद ठेवले तर शिल्लक आहे त्यात घर गाठता येईल. एकदा बंद पडली तर धक्का मारूनही उपयोग नाही, कारण बॅटरीही रिकामी आणि डायनामोही मेलेला. ठिणगी येणार कुठून? चांदणं होतं. पण रस्ताभर माणसं होती, अनवाणी, डोक्यावर पिशव्या, कडेवर झोपलेली पोरं, आणि "आई राजा उदो उदो".

इथे वालचंद हिराचंद मध्ये येतात, कारण आप्पांनी त्यांना तिथेच आणलं. गाडी कडेला उभी, आई काही बोलत नाही, आणि आप्पा सांगतायत: १८८२ साली आपल्या सोलापुरात जन्मलेला माणूस, बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटापासून सुरुवात केली, १९१९ मध्ये सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून थेट इंग्लंडला धाडलं, १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४४ मध्ये ही फियाट बनवणारी प्रीमियर. लोक हसायचे, म्हणायचे हिंदुस्थानात मोटार कशी होईल. आई म्हणाली, "झाली की. पण दिवे नाहीत तिला." आप्पा गप्प झाले. वालचंदांचं समर्थन करायला एक मुद्दा त्यांच्याकडे होता, तो त्यांनी दुसऱ्या दिवशी काढला: वालचंद १९५३ मध्येच गेले, आपली गाडी त्यानंतरची, त्यांना दोष देऊ नये.

दुसऱ्या दिवशी म्हणजे विजापूर वेशीजवळच्या चाचांच्या दुकानात. मोटार इलेक्ट्रिकचं काम. दाराशी बॅटऱ्यांची रांग चार्जिंगला लावलेली, सगळ्यांची झाकणं उघडी, आणि हवेत आंबूस वास. चाचांनी बॅटरीकडे पाहिलंसुद्धा नाही. पट्टा उतरवला, डायनामोच्या फिल्डची आणि मेनची वायर एकत्र केली आणि दुसऱ्या बॅटरीचा करंट उलटा त्यालाच दिला. धड असता तर तो मोटरसारखा गरगरला असता. नुसता हिसका देऊन थांबला. "बॅटरी बेचारी काय करेल," चाचा म्हणाले, "तिला खायलाच मिळालं नाही." उघडल्यावर कार्बन झिजून स्प्रिंग तांब्यावर घासत होती. कार्बनची जोडी नवी टाकली, कम्युटेटरला झिरो नंबरचा पॉलिश पेपर फिरवला आणि हेक्सॉच्या तुटक्या ब्लेडने पट्ट्यांमधला अभ्रक कोरला. मी शेजारी उकिडवी बसून बघत होते. त्यांनी मला दिव्याचं गुपित सांगितलं: त्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं डायनामोकडे. दोन्हीकडून सारखा जोर आला की मधून काही वाहत नाही, दिवा विझतो. एकीकडे कमी पडलं की पेटतो. थोडं कमी, तर थोडा.

मंद दिवा म्हणजे "थोडं कमी". आमच्याकडे तो कित्येक दिवस हेच सांगत होता.

त्या बॅटरीचा आणखी एक पराक्रम सांगायला हवा. ती चार्जिंगला नेताना आप्पा डिकीत जुनी चादर अंथरत. सोलापुरी चादर, आईच्या माहेरची, जाड सुताची. ॲसिडचे थेंब सुतावर पडले की लगेच काही दिसत नाही. धुतल्यावर दिसतं. आईने ती धुवून दोरीवर टाकली आणि पलीकडचं आकाश चादरीतून दिसलं. तेवढ्यावरून झालेलं भांडण फियाट विकल्यानंतरही संपलं नव्हतं.

पुढे माझी स्वतःची गाडी झाली. मारुती आठशे, जुनी, डायनामोच्या जागी अल्टरनेटर. गेल्या हिवाळ्यात ती सकाळी सेल्फ घेईना. नुसतं टकटक. मी गावातल्या एका बॅटरीच्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने लोड टेस्टरचे दोन चिमटे लावले, काटा खाली गेला आणि त्याने निकाल दिला: "गेली मॅडम. नवी घ्या." घेतली. तीही काही दिवसांत सकाळी गप्प. परत गेले, तर पुन्हा तेच चिमटे, आणि "चार्जिंग करून देतो."

या चिमट्यांवर माझा राग आहे, तो मी सोडणार नाही. रिकामी बॅटरी लोडवर पडणारच. ती मेलेली आहे की उपाशी, हे त्या काट्याला कळत नाही. आधी पूर्ण चार्ज करायची, मग काही तास ठेवून व्होल्ट बघायचे. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. झाकणं उघडत असतील तर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी हायड्रोमीटरने पाहायची. पाच सारखे आणि एक खाली, तर तो सेल गेला. चार्ज करण्याआधी सगळेच सारखे खाली असतील, तर ती बहुधा नुसती उपाशी. मग गाडी चालू करून टर्मिनलवर १३.८ ते १४.४ येतात का ते बघायचं. यात वेळ जातो आणि विकायला काही मिळत नाही. सोलापूरच्या उन्हात बॅटऱ्या तशाही लवकर म्हाताऱ्या होतात. उन्हाळा त्यांचं आयुष्य खातो आणि पहिल्या थंडीत ते उघडकीला येतं. त्यामुळे "गेली" म्हणणारा बऱ्याचदा बरोबरही ठरतो, आणि त्याची सवय पक्की होते.

चाचा आता नाहीत. मी मीटर घेऊन घरासमोरच बसले. गाडी चालू असताना १३.९, म्हणजे चार्जिंग ठीक वाटावं असं. मग बंद करून, किल्ली काढून, बॅटरीचं निगेटिव्ह सोडलं आणि वायर व टर्मिनल यांच्या मधे एक बल्ब जोडला. सगळं बंद असताना तो पेटायला नको. पेटला. एकेक फ्यूज काढत गेले, हॉर्न, रेडिओ, आतला दिवा, बल्ब तसाच. शेवटी अल्टरनेटरची जाड वायर सोडली आणि तो विझला. अल्टरनेटरमध्ये तयार होणारा करंट उलटसुलट वाहतो. डायोड त्याला एकाच दिशेने बाहेर जाऊ देतात. त्यातला एक गळका झाला होता. दिवसा तो बॅटरी भरायला मदत करायचा, रात्री त्याच वाटेने ती रिकामी करायचा. आणि हो, संध्याकाळी गाडी चालू करून डॅशबोर्डवर हात आडवा धरला, तर दिवा दिसला. मंद.

आईला हे सगळं उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती पैसे वाचले?" मग म्हणाली, "तुला ती रात्र आठवते ना, मी पुढे चालत होते ती?"

आठवते. तामलवाडीपासून ती गाडीतून उतरली, हातात टॉर्च घेऊन पुढे चालू लागली, आणि येणाऱ्या लोकांना बाजूला व्हा म्हणत राहिली. आप्पा पहिल्या गियरमध्ये तिच्या मागे. उळ्याजवळ रस्ता थोडा मोकळा झाल्यावर ती आत बसली आणि उरलेला रस्ता कोणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षी तिने जाहीर केलं की ती तुळजापूरला चालत जाणार. गेली. मग दरवर्षी, गुडघे बोलू लागेपर्यंत. आम्ही समजत होतो नवस बोलली असेल, आप्पा समजत होते की तिला त्यांच्या गाडीचा कायमचा राग आलाय आणि ते मनातून खजील असायचे.

या वेळी मी विचारलंच. "नवस कसला," ती म्हणाली. "वाटेत एका मंडळाने मसाला दूध दिलं. मी त्यांच्या समोरून उलटी चालले होते, तरी दिलं. त्यांना वाटलं दर्शन घेऊन परत निघाले. जायफळ जरा जास्त होतं. पण गरम होतं. आणि बाईमाणूस रात्री एवढं चालतंय आणि कोणी काही म्हणत नाही, असं आधी कधी झालंच नव्हतं बघ." मग कोणत्या वर्षी कोणत्या मंडळाचं दूध पातळ होतं, कोणाकडे पिस्ते घातले होते, कोण पहाटेपर्यंत नुसतं साखरेचं पाणी वाटत होतं, याची यादी सुरू झाली. ती बरीच लांब आहे. आप्पांचं नाव तिच्यात एकदाच आलं: एका वर्षी तेही तिच्याबरोबर चालले होते म्हणे, अर्ध्या वाटेपर्यंत, आणि मग एसटीने परत आले. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं.