मटन स्ट्रीटवरची नावं

समुद्र खवळलाय, आज एकही लाँच सुटणार नाही, एवढंच गेटवेवरच्या खिडकीतून कळलं. नागपूरहून आलेल्या मावशीला घारापुरीची त्रिमूर्ती दाखवायची होती. रविवारची सकाळ, पिशवीत डबा, समोर गढूळ पाणी. टॅक्सी केली आणि भेंडीबाजारात मटन स्ट्रीटच्या तोंडाशी उतरलो. चोर बाजारातली ही दुकानं शुक्रवारी बंद असतात. रविवारी मात्र गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

छताला टांगलेल्या काचेच्या हंड्या, खाली इराणी हॉटेलांतल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या एकीवर एक रचलेल्या, जहाजतोडणीतून आलेले पितळी कंदील. एका दुकानापुढे कर्ण्यांचे ग्रामोफोन ओळीने मांडलेले. यातले बरेचसे अलीकडे जुळवलेले असतात, पेटी नवी, कर्णा नवा. त्यांच्यापाशी मी फार रेंगाळत नाही. मागे ठेवलेल्या लाखेच्या तबकड्या मात्र खऱ्या, ७८ फेऱ्यांच्या, हाताला चांगल्याच जड. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तेवढ्यात अख्खं नाट्यपद बसवायचं!

आतल्या भिंतीवर लक्ष्मीचं एक छापील चित्र होतं. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि असे देव घरोघरच्या भिंतींवर आले. या लक्ष्मीच्या साडीच्या काठावर कुणीतरी खरी जर चिकटवली होती, गळ्याशी बारीक मणी, पदरावर टिकल्या. जर सुटली होती तिथे डिंकाचा पिवळट डाग दिसत होता. दुकानदार छपाईचं कौतुक करत होता, माझी नजर त्या डागावरून हलेना. दुपारची आवराआवर झाल्यावर कुणी बाई कात्री घेऊन जर कापत बसली असेल, आपल्या घरच्या देवीला आपल्या हाताने नटवत.

मावशी एव्हाना पितळेच्या ढिगाशी बसली होती. बंब, कळशी, पुरणयंत्र, सोऱ्या. घंगाळाकडे तिने बोट केलं तसा दुकानदार म्हणाला, "माँजी, ये हॉटलवाले ले जाते. पानी भरके फूल रखते."

"अरे बेटा, इसमें नहाने का पानी निकालते!" मावशी म्हणाली, आणि विसण कसं घालायचं तेही तिने त्याला समजावलं.

मग तिने एक पातेलं उचललं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती. तिने बोट फिरवत वाचलं: चि. सौ. कां. कमल हिस आत्याकडून, १९५२. भांड्यांच्या दुकानाबाहेर छिन्नी-हातोडी घेऊन नावं घालणारा बसलेला असे. लग्नकार्यात आळीभरची भांडी एकत्र येत. नाव नसेल तर कोणाचं पातेलं कोणाच्या घरी गेलं, पत्ता लागायचा नाही.

"मशीन मारके नाम निकाल दूँ?" दुकानदाराने विचारलं. गिऱ्हाईक तसंच मागतं म्हणे.

मला हे सोसत नाही. पितळ वजनावरही मिळतं. या पातेल्यात जे वेगळं आहे ते त्या ओळीत आहे, आणि तीच घासून काढायची? पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अशाच वस्तू जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, कुलपं, राजेमहाराजांच्या नव्हे तर रोजच्या हाताळणीतल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं. सगळ्यांनाच संग्रहालय काढता येत नाही, पण घर रिकामं करताना माळ्यावरची भांडी मोडीत देण्याआधी त्यांवरची नावं वाचून वहीत उतरवून ठेवणं कुणालाही जमेल. मुंबईत जुन्या चाळी पाडल्या जात आहेत. भेंडीबाजारातच साडेसोळा एकरांत जुन्या इमारती जाऊन टॉवर उभे राहत आहेत. नव्या ब्लॉकात माळा नसतो, आणि ओट्याखालच्या खणात बंब मावत नाही.

मावशीने पातेलं घासाघीस करून घेतलं. मशीन लावू दिलं नाही. आतली कल्हई पार गेली होती, म्हणून नागपूरला गेल्यावर तिने आधी कल्हईवाला शोधला. तापलेल्या पितळेवर नवसागर टाकून त्याने कथील फिरवलं, आणि आता त्यात तिचा चिवडा होतो. फोनवर मी विचारलं, तुझंही नाव घालून घ्यायचं का?

"घाल की," ती म्हणाली, "पण कमलच्या खाली. ते तिचं आहे."