कशेडीची जुनी वाट आणि एक चित्रवही

कोंकणांत उतरणाऱ्या ज्या घाटांनीं प्रवाशांची वर्षानुवर्षें परीक्षा पाहिली, त्यांत कशेडीचें नांव अग्रभागीं घ्यावें लागेल. महाड ओलांडून पोलादपूर गांठावें, महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळीचा रस्ता डावीकडे सोडावा, आणि रायगड व रत्नागिरी या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरचा हा डोंगर चढूं लागावा. आतां त्याच्या पोटांतून सुमारें २ किलोमीटर लांबीचे जोडबोगदे झाले आहेत. २०२३ च्या गणेशोत्सवांत त्यांपैकीं एकांतून लहान वाहनें प्रथम सोडण्यांत आलीं. बोगद्यानें वेळ वांचतो, वळणांचें भय टळतें; परंतु डोंगर मात्र दिसत नाहीं. म्हणून श्रावणांत आम्ही मुद्दाम जुन्या वाटेनें गेलों.

बरोबर आमची पुतणी होती. ती चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करीत होती, आणि कार्ल ब्लॉसफेल्ट या जर्मन कलावंताच्या छायाचित्रांनीं तिला वेड लावलें होतें. हे गृहस्थ (१८६५–१९३२) बर्लिनच्या कलाशाळेंत सुमारें तीस वर्षें शिक्षक होते. नक्षीकाम शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वनस्पतींची घडण डोळ्यांनीं कळावी, एवढ्याच हेतूनें ते अंकुर, कळ्या, तणावे यांचीं छायाचित्रें कित्येक पटींनीं मोठीं करून दाखवीत. त्यांनीं बागेंतलीं मानाचीं फुलें क्वचितच निवडलीं. रस्त्याच्या कडेचें आणि रेल्वेच्या बांधावरचें तण त्यांना पुरेसें होतें. १९२८ सालीं ‘कलेचीं मूळ रूपें’ अशा अर्थाच्या नांवानें तीं चित्रें ग्रंथरूपानें निघालीं, आणि शाळेंतला हा शिक्षक एकदम प्रसिद्धीस आला.

पुतणीनें घरीं त्यांतल्या नेच्याच्या कोंबाची हुबेहूब नक्कल केली होती. रेषा निर्दोष होती, पण चित्रांत जीव नव्हता. “फोटोवरून काढलेलें तें चित्र कसलें?” असें तिच्या आजीनें स्पष्ट विचारलें, आणि मुलगी दोन दिवस हिरमुसली होती. प्रश्न खोटा नव्हता. दुसऱ्यानें पाहिलेलें आपण पुन्हा उतरवणें म्हणजे पाहणें नव्हे, हें घरांतल्या साऱ्यांनाच जाणवत होतें.

कशेडीच्या एका वळणावर ती एकाएकीं म्हणाली, “काका, गाडी थांबवा ना!” मोकळ्या जागीं गाडी उभी केली. ओलसर काळ्या कातळाच्या भेगेंतून नेच्याचे कोंब वर येत होते. प्रत्येकाचें टोंक तुतारीसारखें वळलेलें. पलीकडे झुडपावर कळलावी चढली होती. तिच्या पानाचें टोंकच लांबून तणावा होतें आणि शेजारच्या काडीला विळखा घालतें, हें आम्हीं इतक्या जवळून पूर्वीं पाहिलें नव्हतें. पुस्तकांतलीं छायाचित्रें एकरंगी होतीं; येथें पाकळ्या बुडाशीं पिवळ्या, वर लाल झालेल्या. धुकें उतरे तेव्हां रंग मावळत आणि निव्वळ आकार उरे. धुकें हटलें कीं रंग परत येत.

पुस्तक गाडींतच राहिलें. दीड तास छत्रीखालीं बसून तिनें वहीचीं पांच पानें भरलीं. रेषा घरच्यापेक्षां अडखळती होती, पण कोंब कोणीकडे कलतो, पानाचा भार देठ कसा पेलतो, हें त्या रेषेला आतां ठाऊक होतें.

पुढें त्याच पानांवरून तिनें संकल्पचित्रासाठीं लुगड्याचा एक कांठ रचला. आजीनें चष्मा पुसून तो निरखला. “ही कळलावी ना? विषारी असते हो, हात नाहीं ना लावलास?” एवढेंच त्या म्हणाल्या. फूल ओळखूं आलें, यापरती पावती ती कोणती!

आमच्या मतें छायाचित्राचा उपयोग एवढाच, आणि तो थोडा नाहीं. थोर कलावंत आपल्याला स्वतःचा डोळा घटकाभर उसना देतो. तो घेऊन बाहेर पडलें पाहिजे. घरोघरचीं मुलें आज असंख्य छायाचित्रें पाहतात. त्यांच्या हातीं एखादी कोरी वही देऊन वडील मंडळींनीं त्यांना पावसाळ्यांत एकदां जवळच्या घाटावर न्यावें. घाईच्या वेळीं बोगदा आहेच. ज्याला पाहावयास शिकावयाचें आहे, त्याच्यासाठीं कशेडीची जुनी वाट अद्याप उघडी आहे.