आरडीचा डबा

काकांनी उमेदीची वर्षं साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये प्रिया स्कूटर जुळवण्यात घालवली, पण स्वतःसाठी घेतली ती राजदूत 350. यामाहाच्या आरडी 350 वरून एस्कॉर्ट्सने 1983 साली काढलेली गाडी. 347 सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. पेट्रोल पिते म्हणून त्या काळी लोकांनी तिला नावं ठेवली आणि काही वर्षांतच तिचं उत्पादन थांबलं. आज तीच पोवई नाक्यावर उभी केली की माणसं वळून बघतात.

काकांच्या माघारी ती माझ्याकडे आली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं. दुखणं होतं हवेचं. कार्बोरेटर आणि एअर फिल्टरचा डबा यांना जोडणारे रबर वाळून कडक झाले होते आणि उजव्याला उभी चीर गेली होती. प्लग काढून शेजारी शेजारी ठेवले, तर डावा चॉकलेटी आणि उजवा पांढराफटक. चिरेतून फुकटची हवा ओढून उजवं सिलिंडर तापत होतं. मूळ रबर मिळेनात, डब्याची बैठकही मोडलेली. गावातल्या एका दुकानात झटपट उपाय सांगितला गेला: डबा काढून टाका, दोन शंकूच्या आकाराचे कोन फिल्टर लावा, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या जेटला हात लावायची गरज नाही. शेवटचं मला पटेना. गाडी छोट्या हत्तीत घातली आणि सांगली गाठली.

तिथले मिस्त्री टू-स्ट्रोकवरच हात बसलेले. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी आधी चहा मागवला, मग गाडी चालू करून उघड्या कार्बोरेटरच्या तोंडाशी माझा तळहात धरायला लावला. हवा सलग ओढली जात नव्हती, हिसक्याहिसक्याने जात होती. "हे हिसकं डबा पोटात घेतो, भाऊ," मामा म्हणाले. "नुसता धूळ आडवाय न्हाई दिलेला त्यो. डबा काढला म्हंजी हवा मोकळी सुटली. मग पेट्रोल बी सोडाय पायजे का नको?"

सगळी गोष्ट त्यात आली. कंपनीने जेटचा नंबर ठरवला तो त्या डब्याच्या तोंडातून जेवढी हवा येते तिच्या हिशेबाने. डबा गेला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं. टू-स्ट्रोकमध्ये आत येणारं पेट्रोल इंजिनाला आतून थंडही ठेवतं. ते कमी पडलं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. भर वेगात इंजिन धरलं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. आरडीला तेलाचा पंप वेगळा आहे, म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. तेल येतंच, पण उष्णता त्याने भागत नाही.

फिल्टर बसवायचं काम किरकोळ, क्लॅम्प आवळला की झालं. खरं काम पुढे. जुना जेट पोखरून मोठा करायची सोय सगळीकडे आहे; मामांनी ती साफ नाकारली आणि नंबर कोरलेले पितळी जेट मागवले. सुरुवात मुद्दाम मोठ्या जेटने केली, कारण पेट्रोल जास्त झालं तर प्लग काळा पडतो, कमी झालं तर पिस्टन जातो. कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे सुई वर उचलली गेली. एका अ‍ॅक्सिलरेटर केबलला तीन फाटे, दोन कार्बोरेटरना आणि एक तेलाच्या पंपाला. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का, हे मामांनी बोट घालून तपासलं.

मग पहाटे आष्टा रस्त्याच्या मोकळ्या पट्ट्यावर. पूर्ण रेस द्यायची, त्याच दमात क्लच दाबून इंजिन बंद करायचं, कडेला घेऊन प्लग काढायचा. खोलात, चिनीमातीच्या बुडाशी असलेलं कडं बघायचं. काळं आलं की एक नंबर लहान जेट. दोन्ही कडी सारखी तांबूस आली तेव्हा मामांनी प्लग माझ्या हातात दिले आणि एवढंच म्हणाले, "आता जावा साताऱ्याला."

सांगली ते सातारा सुमारे 120 किलोमीटर. वरच्या रेसला गाडी खरंच मोकळी धावते. खालच्या रेसला मात्र पूर्वीची भरीव ओढ कमी झाली आहे, हे मान्य करायला हवं. आवाज वाढला, आणि तो मला आवडत नाही. पेठ नाक्यानंतर महामार्गावर शेजारून ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी क्षणभर अडखळते; बाजूची झाकणं लावल्यावर ते पुष्कळ थांबलं. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाचा धुरळा, कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि उडतं पाचट, या सगळ्यांत उघडा फिल्टर लवकर माखतो, त्यामुळे तो वरचेवर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवावा लागतो. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणं मी बंद केलंय. तिथे पाऊस आडवा येतो आणि भिजला फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो. शिवाय दर हजार मीटरला हवा साधारण दहा टक्के विरळ होते. साताऱ्यात जमलेलं मिश्रण कासच्या पठारावर जड पडतं.

जिथे डबा मिळतच नाही तिथे कोन फिल्टर गाडी चालती ठेवतात, जेट नीट जुळवले तर वर्षानुवर्षं. पण रोजच्या वापराला, आपल्या धुळीला आणि आपल्या पावसाला मूळ डब्याची सर त्यांना नाही. म्हणून माझा मोडका डबा मी पुसून माळ्यावर ठेवलाय आणि बैठक जोडून देणारा कारागीर शोधतोय. तुमच्याकडे जुनी आरडी, आरएक्स किंवा येझदी असेल आणि फिल्टर बदलायचे ठरवले असतील, तर जेट बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका आणि काढलेला डबा भंगारवाल्याला देऊ नका.