आमची आक्का

गेल्या वैशाखांत आमच्या जुन्या जालन्यांतील घराची माडी उतरविली. तुळया किडल्या होत्या, आणि माळवदाची माती दर पावसाळ्यांत खालच्या अंथरुणांवर येऊं लागली होती. गवंड्यानें आंतल्या भिंतीचा चुना खरडला, तोंच त्याखालून चार हात लांबीचा एक काळा पट्टा निघाला. "हें काय हो?" म्हणून त्यानें विचारलें. उत्तर आम्हांस ठाऊक होतें, पण तें चट्‌कन देववलें नाहीं.

आक्का म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. नात्यानें आत्या, परंतु वडील तीस आक्का म्हणत, म्हणून घरचीं पोरें, गडीमाणसें, इतकेंच काय, तिच्याहून वयानें वडील असलेले शेजारीही आक्काच म्हणत. चौदाव्या वर्षीं तिचें लग्न झालें आणि पंधराव्या वर्षीं ती विधवा होऊन माहेरीं परत आली. त्या काळीं ही गोष्ट इतकी नित्याची होती कीं, तिचें वर्णन करून वाचकांची सहानुभूति मागावी असें आम्हांस वाटत नाहीं. नित्याचें नव्हतें तें पुढलें. आमच्या आजोबांनीं, भाऊबंदांच्या विरोधास न जुमानतां, तीस हिंगण्यास कर्व्यांच्या आश्रमांत नेऊन पोंचविलें. १८९६ सालीं निघालेली ती संस्था तोंवर चांगली नांवारूपास आली होती. पण निजामाच्या राज्यांतील आमच्यासारख्या कुटुंबास पुणें म्हणजे परमुलूखच. जालन्याहून मनमाडपर्यंत लहान रुळांची गाडी, तेथें फलाटावर रात्र, आणि मग दौंडवरून पुणें. त्या प्रवासांत आजोबा एक शब्दही बोलले नाहींत, असें आक्का सांगे. सोडून निघतांना मात्र, "पत्र लिहीत जा, पण मीच वाचीन असें लिही," एवढें म्हणाले. घरांत दुसऱ्या कोणा बाईमाणसास वाचतां येत नव्हतें. तेव्हां त्या म्हणण्याचा अर्थ काय, हा प्रश्न आम्हीं पुष्कळ वर्षें मनांत घोळविला आहे.

पुण्याकडच्या मुली तीस 'मोंगलाईंतली' म्हणत आणि तिच्या "काय करायलीस?" या विचारण्यास हसत. ती पुस्तकी मराठी उत्तम शिकली, पण स्टेशनांतून टांग्यांत बसली कीं पुन्हां "काय करायलीस?" सुरू होई, तें शेवटपर्यंत.

१९४० च्या सुमारास ती शिकून परत आली, तेव्हां गांवांतील सरकारी शिक्षणाचा वरचा सारा कारभार उर्दूंत चालत असे. हैदराबादचें उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं निघालें, तेंही उर्दू माध्यमाचेंच. मुलगे नोकरीसाठीं उर्दू शिकत. मुलींस नोकरी करावयाची नाहीं, तेव्हां त्यांस कोणतीच भाषा नको, असा गांवाचा सरळ हिशेब होता. आक्कानें उर्दूचा राग केला नाहीं. शेजारच्या एका मुसलमान बाईंकडून ती ती लिपि शिकली, आणि मोबदल्यांत त्यांच्या लेकीस बेरीज-वजाबाकी शिकविली. ती लेक ही तिची पहिली विद्यार्थिनी.

शाळा आमच्या माडीवर भरे. कोळसा वाटून, त्यांत पाल्याचा रस घालून भिंतीवर घोटा दिला कीं फळा तयार होई. तो दर दसऱ्याला नवा करावयाचा. दुपारीं दोन ते चार अशी वेळ, कारण तेवढाच वेळ बायकांच्या मालकीचा. घरच्यांनीं विचारूं नये म्हणून "आक्काकडे वाती वळायला जातें" असें सांगून बायका येत. त्या दिवसांत जालन्यांत जितक्या वाती वळल्या गेल्या असें म्हणतात, तितक्या खरोखरच वळल्या असत्या, तर कुंडलिकेच्या दोन्ही कांठांवर वर्षभर दिवाळी झाली असती! आमच्या आजीस हा प्रकार पसंत नव्हता. तिचा आक्षेप विद्येस नव्हता. बायका जिन्यांत चपला काढून ठेवीत, त्यास होता. निदान ती तसें म्हणे.

१९४८ सालीं रझाकारांच्या भीतीनें आमचें कुटुंब सीमा ओलांडून वऱ्हाडांत देऊळगांव राजाला गेलें. आम्ही त्या वेळीं पाळण्यांत होतों. अंतर कांहीं फार नाहीं, पण मध्यें राज्य बदलत होतें. तेथें लिंबाच्या झाडाखालीं आक्कानें जालन्याकडून आलेल्या मुलांची शाळा मांडली. १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली आणि मंडळी घरीं परतली. पुढें लवकरच सरकारी कन्याशाळेंत तीस शिक्षिकेची जागा मिळाली. पहिला पगार तिनें आमच्या वडिलांच्या हातीं दिला, आणि निवृत्तीपर्यंत तसाच देत आली. वडिलांची वकिली बेतास बात होती. औरंगाबादेस आमच्या कॉलेजाची फी त्या पगारांतून भरली गेली, हें येथें नमूद केलेंच पाहिजे. कारण पुढें जें सांगावयाचें आहे, त्यास त्याचा संबंध आहे.

कॉलेजांतून आम्ही जीं पत्रें लिहूं, तीं आठ दिवसांनीं तांबड्या शाईनें तपासून परत येत. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका समासांत मोजलेल्या असत आणि खालीं बारीक अक्षरांत, "तूप पाठविलें आहे." एकदां रागानें आम्हीं दोन महिने पत्र लिहिलें नाहीं. तूप मात्र येत राहिलें.

तिचा खरा पराक्रम आम्हीं पाहिला तो १९७२ च्या दुष्काळांत. त्या वर्षीं आमच्याकडच्या विहिरी दिवाळीपूर्वींच कोरड्या पडल्या. गांवोगांवीं खडी फोडण्याचीं आणि पाझर तलावांचीं कामें निघालीं, आणि शेतकऱ्यांच्या घरच्या बायका, ज्यांनीं कधीं दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवला नव्हता, त्या डोक्यावर पाट्या घेऊन उभ्या राहिल्या. दर रविवारीं आक्का एस्‌. टी. नें अंबडच्या रस्त्यावरील एका कामावर जाई. सुकडी वांटण्याच्या वेळीं बायका ओळीनें बसत. त्याच वेळीं तिची शाळा. ग म भ न नाहीं, कांहीं नाहीं. खडीच्या तुकड्यानें जमिनीवर आपलें नांव, आणि नांवानंतर एक ते शंभर आंकडे. हजेरीपटावर आंगठा उठविणारीस आपले किती दिवस मांडले आहेत तें कळत नाहीं; सही करणारी निदान त्या ओळीकडे पाहते. तीन-चार महिन्यांत तेथील बायका "बाबा, माझे सहा दिस हायेत, पांच न्हाईत," असें हजेरी मांडणाऱ्यास सांगूं लागल्या. त्या गृहस्थास आक्काचा उपद्रव वाटूं लागला, यांत नवल नाहीं. त्यानें वर तक्रार केली असें ऐकलें. पण एका पांढऱ्या पातळांतल्या म्हातारीवर कोणतें कलम लावावें, तें वरच्यांस सुचलें नसावें.

१९७५ सालीं ती निवृत्त झाली. वडील थकले होते, घरचा व्यवहार आमच्याकडे आला होता. एके दिवशीं रात्रीं जेवणानंतर तिनें विचारलें, "माडी मला द्याल का रे? दुपारच्या दोन तासांपुरती." जालन्यांत तेव्हां बी-बियाण्यांचा धंदा वाढीस लागला होता, आणि एका व्यापाऱ्यानें माडी कचेरीसाठीं मागितली होती. महिना साठ रुपये. आम्हीं म्हणालों, "आक्का, आतां तूं आराम कर. जन्मभर फळ्यापुढें उभी राहिलीस." वाक्य आम्हीं मोठ्या मायेनें उच्चारलें. त्या मायेंत साठ रुपये किती आणि माया किती, हें त्या वेळीं तिनें ओळखलें, आम्ही ओळखूं शकलों नाहीं. व्यापाऱ्यानें भिंतीस चुना दिला.

फीचा उल्लेख तिनें कधीं केला नाहीं. केला असता तर बरें झालें असतें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं ती खडूची डबी घेऊन जवळच्या देवळाच्या ओवरींत जाऊन बसली, आणि पुढचीं बारा-तेरा वर्षें तेथेंच बसली. पावसांत ओवरी गळे. मोसंब्यांच्या बागांत खुरपणीस जाणाऱ्या, मंडईंत भाजी विकणाऱ्या, जिनिंगमधल्या बायका तिच्याकडे येत. १ मे १९८१ रोजीं जालन्याचा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हां औरंगाबादेचे तालुके आणि परभणीचें परतूर जोडून तिनें स्वतः नकाशा काढला. निजामाचें राज्य, मुंबई राज्य, महाराष्ट्र आणि आतां हा, असे एकाच गांवाचे चार नकाशे आपण शिकविले, गांव मात्र जागचें हललें नाहीं, असें ती हसून म्हणे.

अखेरच्या दोन वर्षांत तिची दृष्टि गेली. एक भाजीवाली रोज संध्याकाळीं टोपली दारांत ठेवून येई आणि तीस वर्तमानपत्र वाचून दाखवी. जोडाक्षर आलें कीं ती अडखळे. आक्का डोळे मिटल्या मिटल्याच तें सोडवून सांगे. आम्ही शेजारच्या खोलींत दूरदर्शनवरील बातम्या ऐकत असूं, आणि आवाज त्रास देतो म्हणून मधलें दार लोटून घेत असूं. १९९३ च्या चैत्रांत ती गेली. त्या दिवशीं अंगणांत ज्या बायका जमल्या, त्यांतल्या निम्म्यांचीं नांवें आमच्या घरांत कोणासच ठाऊक नव्हतीं.

गवंडी अजून उभाच होता. "इथें पूर्वीं शाळा होती," एवढेंच आम्हीं सांगितलें. "असं व्हय," म्हणून त्यानें पहार उचलली.