दोन जिवांची धाव

बंगळुरूच्या दक्षिणेला, होसूर रस्त्यालगत वसलेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत पहाटे जी शांतता असते, ती पुढे दिवसभर शोधूनही सापडत नाही. कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या जमिनीवर 1970 च्या दशकाच्या अखेरीस कर्नाटक शासनाच्या केऑनिक्स या महामंडळाने ही औद्योगिक वसाहत वसवली. आज तेथे काचेच्या उंच इमारती आहेत आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले तरुण अभियंते आहेत. त्यांत मराठी बोलणारेही पुष्कळ. दिवसभर संगणकासमोर बसणारी ही मंडळी पहाटे बूट बांधून धावायला बाहेर पडतात. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून अधिक उंचीवरची थंड हवा त्यांच्या सोबतीला असते. धावणारी स्त्री ही या रस्त्यांवर आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. परंतु धावणाऱ्या स्त्रीचे पोट पुढे आलेले दिसले, तर मात्र फाटकावरचा रखवालदार, दुधाच्या पिशव्या उतरवणारा मुलगा आणि फिरायला निघालेले आजी-आजोबा सगळेच क्षणभर थबकतात. ‘दोन जिवांची बाई आणि ही अशी धावते?’ हा प्रश्न कोणत्याही भाषेत न विचारता सर्वांच्या डोळ्यांत उमटतो.

या प्रश्नाला बंगळुरू शहराने एकदा जाहीरपणे तोंड दिले आहे. दरवर्षी येथे ‘वर्ल्ड 10के’ ही दहा किलोमीटरांची शर्यत होते. करोनाच्या साथीमुळे 2020 ची शर्यत मे महिन्याऐवजी 20 डिसेंबरला झाली. हौशी धावपटूंसाठी मोबाइलवरील ॲपच्या साहाय्याने अंतर पूर्ण करण्याची सोय त्या वर्षी होती. अंकिता गौर या व्यवसायाने अभियंता असलेल्या धावपटूने हे अंतर 62 मिनिटांत पूर्ण केले. त्या वेळी त्या पाच महिन्यांच्या गर्भवती होत्या. बातमी देशभर पसरली. काहींना कौतुक वाटले, तर काहींना धास्ती वाटली.

दहा किलोमीटर म्हणजे किती, हे इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. होसूर रस्त्यावर 2010 साली सुरू झालेला उन्नत मार्ग जवळजवळ तेवढाच लांब आहे. तो मोटारीने पार करतानाही माणूस कंटाळतो. अर्धमॅरेथॉनचे अंतर त्याच्या दुपटीहून थोडे अधिक, म्हणजे 21.0975 किलोमीटर असते. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेली मेट्रोची पिवळी मार्गिका आर. व्ही. रोडपासून इलेक्ट्रॉनिक सिटीवरून बोम्मसंद्रापर्यंत 19 किलोमीटरांहून थोडी अधिक धावते. ती संपूर्ण मार्गिका पायांनी कापली, तरी अर्धमॅरेथॉन पुरी होण्यास सुमारे दोन किलोमीटर उरतात. गर्भारपणात एवढे अंतर धावावे का, हा प्रश्न म्हणूनच केवळ कौतुकाने किंवा केवळ धास्तीने सुटणारा नाही. त्याकडे जरा शांतपणे पाहावे लागते.

पहिली गोष्ट म्हणजे स्त्रीच्या धावण्याविषयीची भीती गर्भारपणापुरती कधीच मर्यादित नव्हती. एके काळी लांब पल्ल्याच्या शर्यतींचे दरवाजे स्त्रियांना सरसकट बंद होते. इतके धावल्याने स्त्रीच्या गर्भाशयाला इजा होईल, असे जाणत्या समजल्या जाणाऱ्या माणसांनाही वाटत असे. 1967 साली कॅथरीन स्विट्झर बोस्टन मॅरेथॉनमध्ये धावत असताना शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या अंगावर धावून जाऊन त्यांना रोखण्याचा प्रयत्न केला. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन यायला 1984 साल उजाडावे लागले.

वैद्यकशास्त्राचे मतही असेच हळूहळू बदलत गेले. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या प्रमुख संस्थेने 1985 साली गर्भवतीच्या व्यायामासाठी नियम घालून दिले. व्यायाम करताना हृदयाचे ठोके मिनिटाला 140 च्या वर जाऊ नयेत, असा त्यातील एक नियम होता. अनुभव आणि अभ्यास वाढल्यावर 1994 साली हीच मर्यादा त्या संस्थेने काढून टाकली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार, वैद्यकीय अडचण नसलेल्या गर्भवतीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. आधीपासून जोमदार व्यायामाची सवय असलेल्या स्त्रीला तो पुढे चालू ठेवता येतो, असेही त्यात म्हटले आहे. ‘आधीपासून’ या शब्दातच सारे मर्म आहे. अंकिता गौर त्यापूर्वी नऊ वर्षे नियमित धावत होत्या आणि परदेशांतील मॅरेथॉनही त्यांनी पूर्ण केल्या होत्या. त्यांची धाव ही वर्षानुवर्षांच्या सवयीची पुढची पायरी होती. जी कधी धावलीच नाही, तिने गर्भारपणात अर्धमॅरेथॉनचा ध्यास घेणे ही वेगळी गोष्ट होय आणि तिला कोणताही जाणता वैद्य संमती देणार नाही.

गर्भवतीचे शरीर मुळात विश्रांतीच्या अवस्थेतही काही कमी काम करत नाही. तिच्या अंगातील रक्ताचे प्रमाण चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढते. स्वस्थ बसलेली असतानाही तिचे हृदय पूर्वीपेक्षा जलद चालते. वाढते गर्भाशय श्वासपटलाला वर ढकलते. सांध्यांना बांधून ठेवणारे स्नायुबंध सैल पडतात आणि शरीराचा तोल पुढे सरकतो. अशा शरीराने तासभर धावणे आणि दोन-अडीच तास धावणे यांत केवळ मिनिटांचा फरक नसतो. वेळ वाढतो तसे अंग तापते, पाणी कमी होते, रक्तातील साखर उतरते. म्हणून धावताना सहज बोलता आले पाहिजे, ही साधी कसोटी सांगितली जाते. रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणे, अंगावरून पाणी जाणे, पोट वारंवार आवळून येणे, पोटरीत वेदना किंवा सूज यांपैकी काहीही जाणवले, तर त्याच पावलाला थांबून डॉक्टरांकडे जायचे असते. तेथे पदकाचा विचार नसतो.

आणि सगळे नियम पाळूनही सर्व काही आपल्या हाती असतेच असे नाही. ॲलिसन फेलिक्स ही जगातील अत्यंत तंदुरुस्त धावपटूंपैकी एक. 2018 साली गर्भारपणाच्या बत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाबाच्या गंभीर विकारामुळे तातडीने शस्त्रक्रिया करून त्यांची प्रसूती करावी लागली. पुढे 2021 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी पुन्हा पदके मिळवली हे खरे. तरी बळकट शरीर हे गर्भारपणाचे हमीपत्र नव्हे, हेही त्यांच्या अनुभवाने दाखवून दिले.

आपल्या समाजाची रीत मात्र वेगळी आहे. मराठी घरात दिवस गेलेल्या मुलीला ‘पाऊल जपून टाक’, ‘जड उचलू नकोस’ असे दिवसातून दहादा ऐकावे लागते. सातव्या महिन्यात फुलांचे दागिने घालून तिचे डोहाळजेवण होते. या सर्वांमागे माया आहे, यात शंका नाही. ज्या काळी बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म मानला जाई, त्या काळाने शिकवलेली ही सावधगिरी आहे. तिची थट्टा करू नये. पण ही माया कोणाच्या वाट्याला येते, हे पाहिले की मन चरकते.

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातील कारखान्यांपर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. उचल आधीच घेतलेली असते, म्हणून खाडा परवडत नाही. त्या फडात गर्भवती स्त्री डोक्यावर उसाची मोळी घेऊन चालते. तिला कोणी ‘जड उचलू नकोस’ म्हणत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली गेल्याचे उघड झाले, तेव्हा 2019 साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. इलेक्ट्रॉनिक सिटीकडे येणाऱ्या होसूर रस्त्यावरच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतही हजारो स्त्रिया दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेल्या असतात. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. काचेच्या इमारतीत ती मिळते. उसाच्या फडापर्यंत तिची वाट अजून पोहोचलेली नाही.

म्हणजे गर्भवती स्त्रीच्या कष्टांना समाजाचा विरोध आहे, असे म्हणता येत नाही. कष्ट पोटासाठी असले की ते त्याला दिसत नाहीत. तेच कष्ट तिने स्वतःच्या आनंदासाठी घेतले की त्याच्या डोळ्यांवर येतात. बाळासाठी रायगडाचा कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका आपण अभिमानाने सांगतो. पण ती कोणाला विचारून उतरली, असे कोणी विचारत नाही. धावणारी गर्भवती आणि मोळी वाहणारी गर्भवती यांच्यातला खरा फरक अंतराचा किंवा वजनाचा नाही. एकीला थांबता येते, दुसरीला थांबता येत नाही.

या थांबण्यालाच धावण्याइतके मोल आहे. 2014 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत ॲलिसिया मोंटानो चौतिसाव्या आठवड्यात 800 मीटर धावल्या. एरवी दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या त्या अंतराला त्यांना अडीच मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागला आणि त्या शेवटच्या आल्या. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत केले. आपला नेहमीचा वेग बाजूला ठेवण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असते, त्याला शेवटचा क्रमांकही उणा वाटत नाही. अर्धमॅरेथॉनसाठी नाव नोंदवून, महिनोन्‌महिने सराव करून, ऐन वेळी डॉक्टरांनी ‘नको’ म्हटल्यावर बूट बाजूला ठेवणारी स्त्रीही याच जातीची. तिचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही, एवढेच.

अंकिता गौर यांच्या त्या 62 मिनिटांची सरासरी काढली, तर एका किलोमीटरला 6 मिनिटे 12 सेकंद पडतात. पण ती 62 मिनिटे सलग धावण्याची नव्हती. मध्ये मध्ये त्या चालल्या. पूर्वी याच शर्यतीत वेगाने धावलेली ही धावपटू त्या दिवशी आपला श्वास ऐकत होती आणि त्याने सांगितले तेव्हा पावले सावकाश टाकत होती. इतरांना त्यांचे धावणे दिसले. दोन जिवांचा खरा संवाद बहुधा त्या चालण्याच्या मिनिटांत झाला असावा.