तिसरी खेप

जिल्हा रुग्णालयाच्या बाकावर ती बसून आहे. केसपेपरवर वय २८, मुली दोन, आणि ‘पूर्वीचे गर्भपात’ या शब्दांपुढे २ हा आकडा. तो पाहून परिचारिका म्हणते, “पुन्हा आलीस?” हा प्रश्न नव्हे, प्रश्न असता तर उत्तरासाठी कुणी थांबले असते.

उत्तर फार लांब नाही. पहिल्या खेपेला धाकटी अंगावर पीत होती. पाजतीला दिवस राहत नाहीत, या सासूबाईंच्या शब्दावर ती विसंबली. पिशवी साफ झाली, गोळ्यांची चिठ्ठी हाती पडली. पण अवघ्या दोन आठवड्यांत गर्भ राहण्याची शक्यता पुन्हा निर्माण होऊ शकते आणि तांबी त्याच दिवशी बसवून घेता येते, हे कुणी सांगितले नाही. दुसऱ्या खेपेनंतर तिने शस्त्रक्रियेचे नाव काढले, तेव्हा ‘आधी मुलगा होऊ दे’ असे घराने ठरवले. निरोधाचे नाव काढले, त्या रात्री नवऱ्याचा हात उठला. आता त्याचे काम सुटले आहे. मुलगा हवाच, पण यंदा नको.

म्हणजे आकडा तिच्या नावापुढे असला, तरी तो तिच्या एकटीचा नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. नवऱ्याची नसबंदी झालेल्या अवघ्या ०.३ टक्के. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्याला शतक उलटले. तरी गर्भ टाळण्याचे ओझे बाईच्या पदरात, आणि त्याचा निर्णय मात्र इतरांच्या ओठांवर.

१९७१चा गर्भपाताचा कायदा या बाबतीत घराहून उदार आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्याला पुरते. नवऱ्याची सही तो मागत नाही. खिडकीतून मात्र ती मागितली जाते.

“मालकांना बोलाव, सही लागेल.”

आतून डॉक्टरीणबाई येतात. “हिचीच सही पुरे,” म्हणत कागद तिच्यापुढे ठेवतात आणि शेजारी बसून विचारतात, “यापुढे तुला काय हवे आहे?”

लग्नानंतर हे तिला प्रथमच कुणी विचारले. ती दाराकडे पाहते. बाहेर नवरा विडी ओढत उभा आहे.

“बाई,” ती हळूच म्हणते, “तांबी घरात कुणाला कळते का?”